टोपली घेऊन बसलेली बाई आपल्या कथेत कुठं आहे?

नांदेड-लातूरकडं मराठी शाळेत शिकलेल्या चाळिशीतल्या कुणालाही 'लाल चिखल' विचारा. लेखकाचं नाव कदाचित आठवणार नाही, पण टमाटे आठवतील. बापाबरोबर बाजारात गेलेलं पोरगं, पडलेला भाव, फुकटात लुटायला आल्यासारखं गिऱ्हाईक, आणि शेवटी डोकं फिरलेला बाप स्वतःच्याच मालावर नाचतो, तो पायाखालचा लाल रेंदा. भास्कर चंदनशिव यांची ही कथा. ते कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. शाळेच्या पुस्तकात कथा आली आणि शेतीमालाचा भाव हा विषय आमच्या पिढीला अर्थशास्त्राच्या आधी मराठीच्या तासाला कळला. माझ्या मते मराठवाड्यानं मराठीला दिलेल्या पाच उत्तम कथांत ती बसते. त्यामुळं पुढं जे लिहितोय ते त्या कथेचं वाईट म्हणून नाही, हे आधीच सांगतो.

आता लोहा, मुखेड, औसा, अहमदपूर, कुठल्याही आठवडी बाजारात जा आणि भाजीच्या रांगेत कोण बसलंय ते बघा. मोंढ्यात, अडतीवर, लातूरच्या गंजगोलाईत पोत्याचा व्यवहार गड्यांचा. तिथं बाई दिसते ती चाळणी हातात घेऊन धान्य साफ करताना. पण पाटीतला माल, वांगी, मेथी, चार किलो टमाटे, ते विकायला बसलेली असते बाईच. तिला भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक रोजचं. उरलेला माल संध्याकाळी कितीला फुकायचा हे तीच ठरवते. ही बाई आपल्या कथेत शोधायला गेलं की लई शोधावं लागतं. रडणारी बाई सापडते, सोसणारी सापडते, विहिरीच्या काठावर उभी राहिलेली तर हमखास. हिशेब करणारी सापडत नाही. असं का झालं, याचा थोडा इतिहास बघू.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते, कारण छापील मराठी कथा तिकडं उभी राहिली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि 'स्फुट गोष्टी' लिहिल्या. बालविवाह, केशवपन, सासुरवास हे विषय घराघरांत पोचवले. त्यांचीच 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळावरची गोष्ट. शेतकरी कुटुंबाची धूळधाण दाखवणाऱ्या मराठी कथेची ती आजी म्हणा. काशीबाई कानिटकर त्याच काळातल्या. बाईनं उघडपणे पुस्तक हातात धरणं हेच धाडस होतं अशा काळात त्या कथा-कादंबरी लिहीत होत्या. पण या सगळ्या कथेतली बाई पांढरपेशा घरातली, माजघरातली. तिचं दुःख खरं होतं, फक्त ती रोजगारानं जात नव्हती.

मग १९३३ आलं. विभावरी शिरूरकर या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' बाहेर पडलं आणि पुण्या-मुंबईच्या सभ्य घरांत एकच खळबळ. शिकलेल्या, मोठ्या झालेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते एका बाईनं लिहिलं होतं. बाई कोण हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. मालतीबाई बेडेकर हे खरं नाव पुढं कित्येक वर्षं झाकून ठेवावं लागलं. गंमत बघा, पुरुष कथाकार बाईच्या मनातलं सर्रास लिहीत होते, त्याला कुणी हरकत घेतली नव्हती. तेच बाईनं लिहिलं की टोपणनाव लागलं.

तेव्हा आपल्याकडं काय होतं? आपण निजामाच्या राज्यात. सरकारी भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठात शिकायचं माध्यम उर्दू. मराठी शाळाच कमी, त्यात मुलींच्या तर बोटावर मोजाव्या. पुण्यात शिकलेल्या मुलींच्या घुसमटीवर पुस्तक निघत होतं तेव्हा आपल्याकडं मुलगी शिकून घुसमटायच्या पायरीवरच आलेली नव्हती. मराठवाड्यातली बाई मराठी छापील कथेत उशिरा आली, आणि आली तीही पुरुषाच्या हातानं, याचं अर्धं कारण इथंच आहे.

पण उर्दूची एक बाजू आपण विसरतो. आपल्या आजोबांपैकी शिकलेले बरेच जण उर्दू सफाईनं वाचायचे. त्या भाषेत त्याच सुमारास मोठी आग लागली होती. डिसेंबर १९३२ ला लखनौहून 'अंगारे' नावाचा कथासंग्रह निघाला. चौघांचा, त्यात रशीद जहाँ ही एक डॉक्टर बाई. मार्च १९३३ मध्ये सरकारनं पुस्तकावर बंदी आणली. तिची 'दिल्ली की सैर' ही कथा अगदी छोटी. नवरा बायकोला दिल्ली दाखवायला नेतो, स्टेशनवर सामानाजवळ बसवतो आणि मित्राबरोबर निघून जातो. ती बुरख्यात, सामानावर बसून. एवढीच दिल्ली तिनं पाहिली. ही कथा वाचली तेव्हा मला परभणी-पूर्णा स्टेशनावर गाठोड्याजवळ बसलेल्या किती बायका डोळ्यांसमोर आल्या सांगता येत नाही. पुढं वाजिदा तबस्सुम आली. जन्म अमरावतीचा, म्हणजे आपल्या शेजारचाच, आणि लिहिलं ते हैदराबादच्या नबाबी हवेल्यांबद्दल. तिची 'उतरन' ही मालकिणीचे उतरलेले कपडे घालून वाढलेल्या मोलकरणीच्या पोरीची गोष्ट. ती पोरगी आपला हिशेब असा चुकता करते की वाचणारा गार पडतो. ज्या राज्यात आपण होतो त्याच राज्याचं हे घर, पण ते आतून उर्दूत लिहिलं गेलं. मराठीत त्या हवेलीच्या आत बघणारं कुणी जवळपास नव्हतंच.

'जवळपास' म्हटलं, कारण बी. रघुनाथ होते. भगवान रघुनाथ कुलकर्णी, १९१३ चा जन्म, परभणी जिल्ह्यातलं सातोना गाव. बांधकाम खात्यात नोकरी, आणि १९५३ मध्ये उण्यापुऱ्या चाळिशीत गेले. कविता, कादंबऱ्या आणि कथा. 'साकी' या संग्रहाचं नावच सांगतं की हा माणूस मराठीत लिहिताना उर्दूच्या सावलीत उभा आहे. पडत चाललेला वाडा, कारकुनाचं घर, आणि त्या घरातल्या बाईकडं त्यांनी फार मायेनं पाहिलं. पण पाहिलंच. ती बोलते कमी, दिसते जास्त. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावात नोकरी करून, साहित्याच्या पेठेपासून शेकडो मैल लांब राहून माणूस लिहितोय तेच पुष्कळ होतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राज्य गेलं. १९५० ला नांदेडला पीपल्स कॉलेज आणि त्याच वर्षी औरंगाबादला बाबासाहेबांचं मिलिंद. खेड्यातली पोरं कॉलेजात आली आणि दहा-बारा वर्षांत लिहायला लागली. लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे त्यातलेच. १९६२ ला 'पेरणी' आला, पुढं 'मळणी', 'वाळवण', 'राखण', 'बोळवण'. नावं वाचा. एकेक शब्द म्हणजे एकेक काम, आणि त्यातलं एकही काम बाईच्या हाताशिवाय होत नाही. पेरणीचंच घ्या. चाड्यावर मूठ गड्याची, मागं सरत्यावर बाई. वाळवण तर सगळंच बायकांचं. आणि बोळवण म्हणजे लेकीला सासरी लावून देणं.

बोराडे सरांनी एक मोठी गोष्ट केली, ती म्हणजे बाईची बोली कथेत आणली. आमच्याकडची बाई पुस्तकात पुणेरी बोलायची, ते यांनी बंद केलं. १९७१ ची 'पाचोळा' तशी कादंबरी, पण आकारानं लहान आणि गोष्टीसारखी एका दमात वाचून होते. गंगाराम शिंप्याची वाताहत आपल्याला त्याची बायको पार्वती सांगते. पहिल्या ओळीपासून तिचाच आवाज. चूल, शेजारीण, नवऱ्याचा राग, पोराची काळजी, सगळं तिच्या तोंडून. मराठवाड्याच्या गद्यात बाईला एवढा वेळ सलग बोलू दिलं त्याला माझ्या वाचनात तरी याआधीचं उदाहरण नाही. तरी बारकाईनं बघा. सांगते ती, पण घडतं ते नवऱ्याला. भांडतो तो, हट्टाला पेटतो तो, गावाशी वैर घेतो तो. ती बघते, समजावते, आणि हरते. तिचं शहाणपण गोष्टीत सगळ्यांपेक्षा जास्त, आणि त्या शहाणपणाला अधिकार शून्य. हे सरांनी ठरवून दाखवलं असं मला वाटतं, कारण पुढं त्यांनीच 'आमदार सौभाग्यवती' लिहिली आणि बाईच्या हातात खुर्ची दिल्यावर काय काय होतं ते मांडलं. पंचायतीत बायकांना आरक्षण मिळून 'सरपंचपती' हा शब्द आपल्या बातम्यांत रुळायच्या आधीची ही कादंबरी आहे. ११ फेब्रुवारी २०२५ ला सर गेले. श्रद्धांजलीच्या बहुतेक भाषणांत 'ग्रामीण जीवनाचा चित्रकार' हेच विशेषण ऐकलं. बाईच्या आवाजाबद्दल कुणी बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत ग्रामीण कथेला मोठी मागणी आली. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांची कथाकथनं गाजत होती. तालुक्याच्या व्याख्यानमालांत त्याची नक्कल करणारे निघाले. नक्कल करणाऱ्यांच्या गोष्टीत बाई दोनच प्रकारची. एक कजाग, तिच्यावर हसायचं. दुसरी ठसकेबाज, तिच्याकडं बघायचं. आपल्याकडच्या व्याख्यानमालांत असलं मी लहानपणी भरपूर ऐकलंय आणि मोठ्यानं हसलोयही.

त्याच काळात प्रत्यक्षात काय चाललं होतं? १९७२ चा दुष्काळ. रस्त्याच्या कामावर, नाला बंडिंगवर बायका खडी फोडत होत्या, सुकडी खात होत्या. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, आणि तिथं कामाच्या मापावर मजुरी, बाईला आणि गड्याला एकच दर. शेतात आजही बाईची रोज वेगळी आणि गड्याची वेगळी, हे कुणाला सांगायला नको. म्हणजे दुष्काळी कामावर आपल्याकडच्या बाईला बहुधा पहिल्यांदाच तिच्या कामाचं माप मिळालं. पगाराच्या दिवशी अंगठा उठवून स्वतःच्या नावाचे पैसे तिनं स्वतःच्या हातात घेतले. एवढा मोठा बदल. कथेत मात्र दुष्काळी कामावरची बाई आली की पुढच्या पानावर मुकादमाची नजर तिच्यावर पडलेलीच असते. तसे मुकादम नव्हते असं नाही. पण पहिला पगार पदराला बांधून घरी निघालेली बाई वाटेत काय विचार करत होती, हीही गोष्टच होती की.

ऊसतोडीचंही तेच. मुखेड, कंधार, जळकोटकडून तोडीला जाणाऱ्यांना विचारा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल गड्याच्या नावावर. ज्या भाषेत बाईची मोजणी अर्ध्या हत्यारानं होते त्या भाषेत कथा लिहायची तर शब्दांपासूनच भांडण सुरू होतं. 'शेतकरी' हा शब्द बघा. पुल्लिंगी. 'शेतकरीण' शब्दकोशात आहे, पण ऐकला की डोळ्यांसमोर शेतकऱ्याची बायको येते. 'पाटलीण', 'मास्तरीण' जशी, तशीच. १९८६ मध्ये शेतकरी संघटनेनं चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं, पुढं बायकोच्या नावावर जमीन करून देण्यासाठी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली. तरीही शब्द आहे तिथंच आहे. कथाकाराला शेतकरी सुचतो तेव्हा त्याला मिशी असते.

आता परत बाजारात येऊ. उर्मिला पवार यांची 'कवच' नावाची कथा आहे. कोकणातली. पोरगं आईबरोबर बाजारात जातं. आई आंबे विकायला बसते. आंब्याच्या नावावरून गिऱ्हाईक पुरुष दुहेरी अर्थाचं, घाण बोलतात. पोराला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आई मात्र त्यांच्याच भाषेत असं उत्तर देते की बोलणाऱ्याची बोलती बंद, आणि धंदा चालू. पोराला ज्या बोलण्याची लाज वाटत होती तेच आईचं चिलखत होतं, हे त्याला हळूहळू कळतं. ही कथा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागली तेव्हा अश्लील म्हणून आक्षेप घेतले गेले. बाजारात बाईला जे रोज ऐकावं लागतं ते वर्गात वाचायला अवघड गेलं.

'लाल चिखल' आणि 'कवच' एकमेकांशेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडं बाजार, दोन्हीकडं विकायला आणलेला माल, दोन्हीकडं बघणारं पोरगं. बापाचा माल कवडीमोल होतो तेव्हा त्याचा अपमान भावापुरता राहत नाही, तो त्याच्या पुरुषपणाचा होतो. म्हणून तो माल तुडवतो. आईचा अपमान तर भावाच्याही खालच्या पातळीवरचा आहे. पण तिला माल तुडवून चालणार नाही, आंबे विकून घरी जायचंय. बाप आणि आई यांत कोण बरोबर असला प्रश्नच नाही. बापाला कथेनं दोनच गोष्टी करू दिल्या, गप्प बसणं नाहीतर फुटणं. रडायची सोय नाही, गिऱ्हाइकाशी चेष्टा करून वेळ मारून नेण्याची नाही, शेजारणीला 'जरा बघ गं माझ्या पाटीकडं' म्हणून उठून जाण्याची नाही. बाईला सोसण्याच्या चौकटीत बसवलं हे आपण वरचेवर म्हणतो. गड्याला कर्तेपणाच्या चौकटीत बसवलं, आणि ती चौकट किती अरुंद आहे हे 'लाल चिखल'इतकं स्वच्छ कुणीच दाखवलेलं नाही.

नव्वदच्या दशकानंतर या चौकटीनं माणसं मारायला सुरुवात केली. शेतकरी आत्महत्यांवर आपल्याकडं कथांचा पूर आला. जिल्ह्यातले दिवाळी अंक उघडा. नापिकी, सावकार किंवा बँक, लेकीचं लग्न, आणि शेवटच्या परिच्छेदात झाडाला लटकलेला कर्ता. बायकोनं फोडलेल्या हंबरड्यावर कथा संपते. बातमीचा साचाही हाच. 'कर्जबाजारी शेतकऱ्याने जीवन संपवले', चार परिच्छेद त्याच्यावर, आणि शेवटच्या ओळीत 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, आई असा परिवार आहे'. बायकोचं नावही नसतं.

या धंद्यात वीस वर्षं झाली. मला दिसलेलं असं, की कथा जिथं संपते तिथं त्या घरातलं सगळ्यात अवघड वर्ष सुरू होतं. तलाठ्याकडं वारस नोंद. सातबारावर नाव लागणार की दीर 'पुढं बघू' म्हणणार. एक लाखाची सरकारी मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्याच्या आधी 'पात्र' की 'अपात्र' हा शेरा, आणि त्यासाठी नवरा दारू प्यायचा का हे चारचौघांत सांगणं. बँकेचं कर्ज नवऱ्याच्या नावावर, पण नोटीस येते घरी. बी-भरणाला दुकानदार उधार देईना, कारण 'आता कर्ता कोण?' माहेरचे म्हणतात चल, सासरचे म्हणतात जा. आणि ती त्या जूनमध्ये पेरते. सोयाबीनची बॅग घेते, तिफणवाल्याला पैसे ठरवते, मोंढ्यात स्वतः पोतं घेऊन जाते, अडत्याला वजन परत करायला लावते. यात रडणं असेल, नाही कोण म्हणतं. पण भांडण आहे, डाव आहे, फसवणूक आहे, थोडा विनोदसुद्धा आहे. कथेला लागतं ते सगळं आहे.

काहीजण याच्या जवळ गेले आहेत. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खेड्यातली सत्ता कशी चालते हे त्यांच्या कथेत हंबरड्याशिवाय कळतं. जालन्याच्या रेखा बैजल, औरंगाबादच्या छाया महाजन, नांदेडच्या मथू सावंत यांनी मराठवाड्यातून बाईच्या बाजूनं कथा लिहिली. पण यांच्या पुस्तकांवर आपल्याकडं चर्चा किती झाली? ग्रामीण कथेच्या परिसंवादात वक्ते सगळे पुरुष, आणि बायका 'स्त्री-साहित्य' नावाच्या वेगळ्या सत्रात, तेही जेवणानंतरच्या. व्यासपीठावर बोलायचं नसेल तर निदान सूत्रसंचालन करा, असा एकूण थाट.

औंदाच्या दिवाळी अंकांसाठी आपल्याकडच्या संपादकांनी कथा मागवायला सुरुवात केली असेल. त्यांतले दोघंतिघं या पोस्टवर येतीलच. त्यांना एकच विनंती, झाडाला लटकलेल्या माणसावर संपणारी कथा आली तर लेखकाला फोन करून विचारा, 'तिच्या नावानं सातबारा झाला का?' उत्तर येईल तिथून दुसरी कथा मागवा.

आणि एक काम. बी. रघुनाथांच्या 'साकी'ची जुनी प्रत किंवा ऐंशीच्या दशकातले नांदेड-लातूरचे दिवाळी अंक कुणाच्या घरी माळ्यावर असतील तर कमेंटमध्ये सांगा. रद्दीत घालू नका. मी येऊन घेऊन जातो, वाचून परत देतो.